बहिणीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप: ३७ हजारांचा नवा घ्यावा की कंपनीतून निघालेला जुना थिंकपॅड?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. जरा सल्ला पाहिजे होता. माझ्या धाकट्या बहिणीला यंदा जळगावला बीसीएला ॲडमिशन मिळालं, रूम करायची नाही असं ठरलंय, रोज एसटीने चोपड्याहून अपडाऊन करणार. तिला लॅपटॉप घ्यायचाय. बजेट ३५ हजार, ताणून ताणून ३८, त्याच्यावर एक रुपया नाही कारण यावर्षी केळीने काही हात दिला नाही.

गेल्या रविवारी जळगावला दोन दुकानं फिरलो. पहिल्यात नवीन दाखवला, आय ३ बाराव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, १५.६ इंची, ३७,५०० आणि बॅग-माऊस वरून. दिसायला चकाचक, पण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं तर स्क्रीन पुठ्ठ्यासारखी वाकली आणि कीबोर्डच्या मधोमध बोट दाबलं की तो खाली दबतो. दुसऱ्या दुकानात जुने कंपनीचे लॅपटॉप होते, त्याने थिंकपॅड टी ४८० काढून दिला, आय ५ आठवी जनरेशन, १६ जीबी रॅम, २५६ एसएसडी, १९,५०० म्हणतोय, वॉरंटी दुकानाची ३ महिने. काळा, जाडसर, कोपऱ्याला घासलेला, पण हातात घेतल्यावर एकदम घट्ट वाटला.

वडील म्हणतात नवीन घे, पक्कं बिल घे, वर्षभर बघायला नको. मामा तर म्हणाले, जुनं घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं. बहिणीला जावा, पायथन, डेटाबेस असलं करायचंय, गेम वगैरे काही नाही, पण तीन वर्षं टिकला पाहिजे कारण मध्ये दुसरा घेऊन देणं आमच्याच्याने होणार नाही. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, कॉम्प्युटरवर एन्ट्री मारण्यापलीकडे मला त्यातलं कळत नाही. तर जाणकारांनी सांगा, आणि जुना घ्यायचा तर नेमकं काय बघायचं?

सोल्डरवाला (जळगाव)

भाऊ, १४ वर्षं झाली लॅपटॉप रिपेअरिंग करतोय, तर टेबलावर रोज जे येतं त्यावरून सांगतो. माझं मत सरळ आहे, रोजचं एसटीचं अपडाऊन असेल तर चांगला बघून घेतलेला जुना बिझनेस लॅपटॉप त्या ३७ हजारवाल्यापेक्षा जास्त टिकेल. "बघून घेतलेला" हा शब्द मात्र सोडू नका, सगळं त्याच्यावरच आहे.

स्वस्तातल्या घरगुती लॅपटॉपचा माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा फॉल्ट म्हणजे हिंज. स्क्रीनचं बिजागर ज्या स्क्रूंनी बसवतात ते पितळेच्या इवल्याशा नटात जातात आणि तो नट नुसत्या प्लास्टिकमध्ये रोवलेला असतो. दीड-दोन वर्षांत बिजागर कडक होतं, झाकण उघडताना सगळा जोर त्या प्लास्टिकवर येतो आणि एक दिवस कट् करून नट प्लास्टिकसकट उपटून वर येतो. मग पोरं मागे पुस्तकाचा टेकू लावून वापरत राहतात आणि माझ्याकडे आणेपर्यंत डिस्प्लेची केबलही चिरलेली असते. एम-सील लावून आणलेले तर किती बघितले. थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांचंही बिजागर खराब होतं, पण कधीतरी, आठवड्याला दोन नाही. ही मशिनं कंपन्यांसाठी बनवतात, रोज शंभर वेळा उघडणार, बॅगेत कोंबणार असं धरूनच, आणि बिघडली तर लगेच खोलता यावी म्हणून कुठला स्क्रू कुठे लागतो याचं मॅन्युअल कंपनी स्वतः वेबसाइटवर फुकट देते. मला पार्ट मिळतो, माहिती मिळते, म्हणून गिऱ्हाईकाचाही खर्च कमी होतो.

आता स्वस्त का मिळतात, तर मोठ्या कंपन्या हे शेकड्याने घेतात, बऱ्याचदा लीजवर, ३-४ वर्षं झाली की मशीन चांगलं असो-नसो अख्खा लॉट काढून टाकतात. तो लॉट दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फुटतो आणि तिथून आपल्याकडे येतो. म्हणजे विकणाऱ्याला दुखणं होतं म्हणून विकलं असं नसतं, मामांना एवढं समजावून सांगा.

जनरेशनचं नीट बघा. दुकानदार "आय ७ आहे साहेब" म्हणतो आणि तो चौथ्या जनरेशनचा निघतो. प्रोसेसरच्या पूर्ण नावात आय ५ च्या पुढचा आकडा वाचा, ८२५० किंवा ८३५० असेल तर आठवी, ६३०० असेल तर सहावी, १०२१० म्हणजे दहावी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच रीतसर चालतं, एखाददुसरा अपवाद सोडला तर. म्हणून सहाव्या-सातव्या जनरेशनचा माल आता बाजारात ढिगाने येऊन पडलाय, ११ हजारात १२ हजारात, आणि काही जण त्यावर जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात. ते घेऊ नका, पुढे अपडेटला अडकतं.

रॅमचंही बघा. टी ४८० ला दोन्ही रॅम काढता-बदलता येतात. टी ४८० एस आणि टी ४९० मध्ये एक बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली, आणि एकच स्लॉट. एक्स १ कार्बन दिसायला भारी, पातळ, पण त्याची सगळी रॅम बोर्डावर, ८ ची घेतली की जन्मभर ८ च. लॅटिट्यूड ५४९०, ७४९० आणि एलिटबुक ८४० जी ५ ला दोन स्लॉट येतात, टी ४८० चांगला नाही मिळाला तर हे बघा.

आणि एक आपल्याकडचं. कापसाच्या जिनिंगवरून आलेला लॅपटॉप मी खोलतो तेव्हा फॅनच्या तोंडावर रुईची पोळीच्या पोळी बसलेली असते, हवा जायला जागाच नाही, आणि वर आपला मे महिना ४५ डिग्रीचा. कोणताही जुना लॅपटॉप घेतला की पहिल्या आठवड्यात खोलून फॅन साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून लावतात ती) बदला. टी ४८० चं मागचं झाकण सहा स्क्रूंवर असतं, ते ढिले केले की कडेचे क्लिप सोडवून निघतं, घाबरण्यासारखं काही नाही.

पांझराकाठ (धुळे)

वरच्या भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं पण एक गोष्ट राहिली, आणि त्यात माझे २२ हजार दोन महिने अडकले होते म्हणून कळकळीने सांगतो.

मी ऑनलाइन एक एलिटबुक मागवला. आला तेव्हा सुंदर, विंडोज टाकलेलं, सगळं चालू. आठ दिवस वापरला. मग माझ्या सवयीप्रमाणे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं, वायफाय जोडलं आणि समोर एका परदेशी कंपनीचं नाव आणि लोगो, खाली "तुमच्या ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा". पुढे जाताच येईना. म्हणजे त्या कंपनीने लॅपटॉप विकला पण स्वतःच्या यादीतून काढलाच नव्हता, विंडोज नव्याने टाकताना नेट मिळालं की तो जुन्या मालकाकडेच धाव घेतो. विकणाऱ्याने नेट न जोडता विंडोज बसवून दिलं होतं म्हणून पहिले आठ दिवस कळलं नाही. तो म्हणे तुम्ही फॉरमॅट का मारला. शेवटी रोजचे फोन करून करून बदलून घेतला, पण तोवर माझी झोप उडाली होती.

म्हणून दुकानात बसूनच सांगायचं, माझ्यासमोर विंडोज रिसेट करा आणि माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून पहिल्यापासून सुरू करा. अर्धा-पाऊण तास लागतो, लागू द्या. दुकानदार का-कू करायला लागला तर तिथून उठायचं.

आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघायचं की पासवर्ड मागतो का. थिंकपॅडचा सुपरव्हायजर पासवर्ड आतला बॅटरीचा सेल काढून जात नाही, तो वेगळ्या चिपमध्ये असतो. त्याच बायोसमध्ये ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची सेटिंग असते, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधायची, ती ॲक्टिव्हेटेड दिसली तर घेऊच नका.

गिरणाकाठची पोर (चाळीसगाव)

मी जरा वेगळं बोलते, राग नको. मी दोन्ही वापरलेत, आधी जुना लॅटिट्यूड आणि आता नवीन. सगळे जुन्याच्या बाजूने बोलतात तेव्हा काही गोष्टी मागे पडतात.

पहिली म्हणजे स्पीड. तो नवीन आय ३ बाराव्या जनरेशनचा आहे ना, तो नाव आय ३ असलं तरी आठव्या जनरेशनच्या आय ५ पेक्षा नक्कीच जोरात पळतो. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाईल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) उघडलं की माझा जुना लॅटिट्यूड गरम व्हायचा आणि बिल्ड होईपर्यंत मी पाणी पिऊन यायचे. तिथे १६ जीबी रॅम कामी आली हे खरं, ८ मध्ये तर ते चाललंच नसतं. जावा, पायथन, डेटाबेस एवढंच असेल तर आठवी जनरेशन पुरते, पण मोबाईल ॲप बनवायचं मनात असेल तर दहावी-अकरावी बघा, थोडे जास्त गेले तरी.

दुसरी स्क्रीन. टी ४८० मध्ये बऱ्याच पीसला १३६६ बाय ७६८ ची टीएन, म्हणजे स्वस्तातल्या प्रकारची, स्क्रीन असते, कोड लिहायला बसलं की अर्ध्या ओळीच दिसतात आणि बाजूने पाहिलं की रंग उलटे होतात. फुल एचडी आयपीएस मागायची, ती बाजूनेही नीट दिसते. एलिटबुक घेत असाल तर बाजूने बघून स्क्रीन काळपट होते का बघा, काहींना प्रायव्हसीवाली स्क्रीन येते, बँकेतल्या साहेबाला ठीक, ग्रुपमध्ये बसून प्रोजेक्ट करणाऱ्या पोरीला नाही.

तिसरी वडिलांची गोष्ट. बिल आणि वॉरंटी ही काही फालतू मागणी नाही. वर्षाच्या आत मदरबोर्ड गेला तर नव्याचा कंपनी बदलून देते, जुन्याला ३ महिन्यांनंतर तुम्ही आणि तुमचं नशीब. एज्युकेशन लोन काढताय का? काढत असाल तर बँकेला पक्कं बिल लागेल, तेव्हा जुन्या दुकानात आधी विचारून घ्या.

सोल्डरवाला (जळगाव)

ताईंचं स्पीडचं आणि स्क्रीनचं म्हणणं शंभर टक्के मान्य, मी ते लिहायला पाहिजे होतं. वॉरंटीबद्दल एवढंच की १९,५०० चा घेतला तर हातात १८ हजार उरतात. त्यातले ५ हजार बाजूला काढून ठेवले की बॅटरी, एसएसडी, चार्जर, काहीही गेलं तरी तीन वर्षं निघतात, तीच तुमची वॉरंटी. मदरबोर्ड गेलाच तर त्याच मॉडेलचा जुना बोर्ड मिळतो, ही मशिनं हजारोंनी आलेली असल्याने पार्टची चणचण नाही. तुटलेल्या हिंजला मात्र कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा लागतच नाही, फिजिकल डॅमेज म्हणून परत पाठवतात, हे रडगाणं माझ्या काउंटरवर रोज ऐकतो.

बॅटरी कशी बघायची ते सांगतो. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, पॉवरसीएफजी टाइप करून एक स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द, एंटर. एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला सांगा. टी ४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून काढायची, दोन्हीचे आकडे वेगवेगळे बघायचे. टचपॅडच्या आजूबाजूला फुगवटा दिसला तर तो पीस हातातच घेऊ नका. एसएसडी साठी क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, हेल्थ टक्क्यात दाखवतं.

सातपुडा पायथा (शिरपूर)

भाऊ, घाई करू नको. माल देखी ले, चालू करीसन देख, मंग पैसा दे. सोबत पेनड्राइव्ह ने आणि बठ्ठा पोर्टमा लाईसन देख. हेडफोन, कॅमेरा, माइक, आनी नोटपॅड उघडीसन एक एक बटन दाबी देख. मना मित्रना लॅपटॉपमा फक्त "ळ" नं बटन चालत नव्हतं, घर येवावर समजनं.

सेवा केंद्रवाली (साक्री)

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते, तुमच्या प्रश्नातला टी ४८० च माझ्याकडे २०२१ पासून आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. दाखल्याचं फॉर्म भरता भरता लाइट गेली की समोर दहा माणसं उभी, त्यात कोणी पोराला कडेवर घेऊन वाडीवरून चालत आलेली बाई. या लॅपटॉपची बाहेरची बॅटरी चालू असताना काढता येते, आतल्या बॅटरीवर तो सुरूच राहतो, तेवढ्यात दुसरी भरलेली लावायची. मी ७२ वॅट अवरची जाडवाली एक जास्तीची घेऊन ठेवलीय, ती खाली थोडी बाहेर येते, लॅपटॉप मागून उचलल्यासारखा दिसतो, पण दोन्ही मिळून माझा पूर्ण दिवस निघतो. मोबाईलचं हॉटस्पॉट आणि हा लॅपटॉप, एवढ्यावर मी कोणाला "उद्या या" म्हणून परत पाठवत नाही.

पाच वर्षांत काय बदललं तर एकदा कीबोर्ड, कारण मराठी टायपिंगने अक्षरं पुसली आणि दोन बटनं बसली, आणि एकदा आतली बॅटरी. कीबोर्ड तासाभरात बदलून मिळाला. टायपिंगला याच्यासारखा हात बसत नाही दुसऱ्या कशावर. बहिणीला आधीच सांगा की कॅमेरा साधा आहे आणि आवाज बारीक.

एक मागू का? बाहेर देशातून आलेल्या पीसला कधी कधी कीबोर्ड वेगळा असतो, एंटरचं बटन उभं आणि चिन्हं भलतीकडे. प्रोग्रामिंगला ब्रॅकेट आणि सेमीकोलन सारखे लागतात, तिला दुकानात स्वतः बसवून दहा ओळी टाइप करू द्या.

तापीकाठ (चोपडा)

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. काल बहिणीला आणि वडिलांना घेऊन परत गेलो, सगळं कागदावर लिहून. साडेतीन तास बसलो दुकानात.

आधी दाखवलेला पीस नाही घेतला. त्याची स्क्रीन टीएन निघाली, मी समोर बसलो होतो मला चांगली दिसत होती, बहीण बाजूला उभी होती ती म्हणाली दादा मला तर सगळं निगेटिव्हसारखं दिसतंय. बॅटरी रिपोर्ट काढला तर आतलीचे २४ हजार मिलीवॅट अवरच्या जागी १३ हजार. दुकानदाराला आकडे दाखवले तर तो म्हणाला तुम्ही पहिलेच गिऱ्हाईक जे हे काढून बघतात, आणि आतून आणखी तीन आणले. तिसरा पास झाला, फुल एचडी आयपीएस, आतली २१ हजार आणि बाहेरची १९ हजार, एसएसडी ९४ टक्के. समोर रिसेट मारायला लावलं, माझं हॉटस्पॉट जोडलं, कुठल्याच कंपनीचं नाव आलं नाही, विंडोज ११ प्रो आपोआप ॲक्टिव्हेट झालं. तो त्यात ऑफिस टाकून देत होता "लाइफटाइम" म्हणून, बहीण नको म्हणाली, ती लिब्रे ऑफिस वापरणार आहे.

भाव २१ हजार सांगितला, २०,३०० ला ठरला. बिलावर सिरियल नंबर आणि "३ महिने, बॅटरी सोडून" असं लिहून घेतलं, लोन काढत नाही म्हणून तेवढं बिल पुरेसं आहे. वडिलांनी काही न बोलता झाकण कोपऱ्याला धरून उघडून बघितलं, दोनदा, मग म्हणाले घे. ५ हजार पतसंस्थेत बहिणीच्या नावाने वेगळे टाकलेत, त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. मामांना अजून सांगितलेलं नाही.

एकच शंका. चार्जर टाइप-सी चा आहे, डावीकडे तसली दोन पोर्ट आहेत. मागच्यात लावलं की चार्ज होतं, पुढच्यात लावलं की कधी होतं कधी नाही. दुकानात दोन्हीत झालं होतं. काय प्रकार असेल?

सोल्डरवाला (जळगाव)

छान पीस मिळाला भाऊ, आतलीचे २१ हजार म्हणजे कोणीतरी नीट वापरलाय.

त्या दोन्हीतून चार्ज व्हायला पाहिजे. त्यातलं एक थंडरबोल्टचं, म्हणजे जास्त वेगवान टाइप-सी, असतं, शेजारी विजेची खूण असते, आणि या मॉडेलच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (पोर्टच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) जुना दोष होता, अपडेट केलं नाही तर ते पोर्ट हळूहळू काम करणं सोडतं. थिंकपॅड बनवणाऱ्या लेनोव्होने त्याचं अपडेट केव्हाच काढलंय पण लॉटमधल्या बऱ्याच मशिनींवर ते कोणी मारलेलंच नसतं. लेनोव्हो व्हँटेज हे त्यांचं ॲप टाकून सगळी अपडेट करा, बायोस आणि थंडरबोल्ट फर्मवेअर दोन्ही. बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा, चार्जर मागच्या पोर्टला लावून ठेवा आणि अपडेट चालू असताना लॅपटॉप बंद करू नका. त्याने नाही झालं तर पोर्टात कचरा किंवा पिन ढिली असेल, ३ महिन्यांच्या आत आहात, आधी दुकानदाराला दाखवा, मी उघडला तर तो वॉरंटी नाकारेल.